कॉलम गेला की सिस्टम? टेस्ट मिक्सवरून निदान कसे करावे

तारापूर, कुरकुंभ, वाळूज किंवा गोव्यातल्या वेर्ण्याच्या औषध कंपन्यांत क्यूसीला (गुणवत्ता तपासणीला) नव्याने लागलेल्यांना एचपीएलसीवर, म्हणजे द्रवाच्या प्रवाहात मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, पीक (आलेखातले घटकाचे शिखर) बिघडले की बहुधा एकच सल्ला मिळतो: कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी भरलेली नळी, बदल. पुष्कळदा कॉलम धडधाकट असतो. फेरूल (नळी घट्ट बसवणारी कडी) नीट बसलेले नसते, नाहीतर कोणीतरी जाड नळी जोडून ठेवलेली असते. हजारो रुपयांचा कॉलम मोडीत काढण्याआधी टेस्ट मिक्सचे, म्हणजे ओळखीच्या घटकांच्या चाचणी मिश्रणाचे, एक इंजेक्शन मारून पाहावे, वीस मिनिटांचे काम आहे. मात्र तेच इंजेक्शन कॉलम नवा असताना, त्याच सिस्टमवर मारून जपून ठेवलेले हवे. डब्यातले उत्पादकाचे सर्टिफिकेट त्याची जागा घेऊ शकत नाही, कारण ते त्यांच्या सिस्टमवर आणि त्यांच्या नळ्यांवर काढलेले असते. तुमच्याकडे प्लेट काउंट (पीक किती अरुंद येतात ते सांगणारा आकडा) त्याहून थोडा कमी येणे स्वाभाविक आहे.

सी-१८ कॉलमसाठी, म्हणजे सिलिकावर अठरा कार्बनच्या साखळ्या जोडलेल्या कॉलमसाठी, अमेरिकेतल्या एनआयएसटी या मोजमापाची मानके ठरवणाऱ्या संस्थेचे एसआरएम ८७० हे मिश्रण प्रसिद्ध आहे. त्यात युरॅसिल, टोल्युइन, एथिलबेंझिन, क्विनिझारिन आणि अॅमिट्रिप्टिलिन असे पाच घटक आहेत. रोजच्या तपासणीसाठी यातल्या चार घटकांचे मिश्रण प्रयोगशाळेतच बनवता येते. १० मिग्रॅ युरॅसिल ५० मिली पाण्यात आणि ५० मिग्रॅ अॅमिट्रिप्टिलिन हायड्रोक्लोराइड ५० मिली मिथेनॉलमध्ये विरघळवा. दोन्हींतले ५-५ मिली दुसऱ्या ५० मिलीच्या फ्लास्कमध्ये घ्या, त्यात टोल्युइन आणि एथिलबेंझिन प्रत्येकी ५८ मायक्रोलिटर टाका आणि मोबाइल फेजने (कॉलममधून वाहणाऱ्या द्रावणाने, त्याची कृती पुढे आहे) खुणेपर्यंत भरा. टोल्युइन डिटेक्टरच्या २५४ नॅनोमीटर तरंगलांबीला फारच कमी शोषते, म्हणून ते मिलीला १ मिग्रॅ लागते. युरॅसिलला त्याचा पन्नासावा भाग पुरतो. अॅमिट्रिप्टिलिन वाढवू नका. बेसिक पदार्थ लवकर ओव्हरलोड होतात आणि त्यामुळे होणारे टेलिंग (पीकची मागे लांबलेली शेपूट) कॉलमच्या नावावर खपते.

मोबाइल फेज ८० भाग मिथेनॉल आणि २० भाग पीएच ७.० चे २० मिलिमोलर पोटॅशियम फॉस्फेट बफर. दोन्ही वेगवेगळे मोजून मग मिसळा. मिथेनॉल आणि पाणी एकत्र आले की आकारमान आक्रसते, त्यामुळे एकाच सिलिंडरमध्ये खुणेपर्यंत भरले तर प्रमाण चुकते आणि रिटेन्शन (घटक कॉलममध्ये थांबण्याचा वेळ) सरकते. ४.६ बाय १५० मिमी, ५ मायक्रॉनच्या कॉलमला फ्लो १ मिली प्रति मिनिट, तापमान ३० अंश, इंजेक्शन ५ मायक्रोलिटर. ओव्हन चालू ठेवाच. रिटेन्शन दर अंशाला साधारण १ ते २ टक्के बदलते, त्यामुळे खोलीच्या तापमानावर काढलेल्या डिसेंबर आणि मे महिन्यांच्या रनची तुलना करण्यात अर्थ नाही.

आता क्रोमॅटोग्राम वाचू. युरॅसिल कॉलममध्ये जवळजवळ थांबत नाही, म्हणून ते डेड टाइम, म्हणजे न थांबणाऱ्या पदार्थाला कॉलम ओलांडायला लागणारा वेळ, सांगते. या मापाच्या रिकाम्या नळीचे आकारमान सुमारे २.५ मिली भरते आणि त्यातला ६० ते ६५ टक्के भाग द्रवाचा असतो, म्हणजे युरॅसिल दीड मिनिटाच्या आसपास दिसायला हवे. ते १.७५ मिनिटांना आले तर कॉलमकडे पाहूच नका. कुठेतरी गळती आहे, किंवा पंप कमी फ्लो देतो आहे. १० मिलीचा व्हॉल्युमेट्रिक फ्लास्क आणि स्टॉपवॉच घेऊन फ्लो मोजा.

टोल्युइन आणि एथिलबेंझिन हे तटस्थ घटक. त्यांना सिलॅनॉलशी (सिलिकाच्या पृष्ठभागावरच्या आम्लधर्मी गटांशी) देणेघेणे नसते, त्यामुळे त्यांचा आकार फक्त पॅकिंग आणि नळ्यांबद्दल बोलतो. रिटेन्शन टाइमला अर्ध्या उंचीवरच्या रुंदीने भागा, वर्ग करा, ५.५४ ने गुणा. ३.२० मिनिटांचा पीक ०.०६६ मिनिट रुंद असेल तर सुमारे १३,००० प्लेट्स येतात. या कॉलमला १०,००० ते १५,००० ही अपेक्षा रास्त आहे. दोघांमधले अंतर कमी झाले तर सी-१८ ची साखळी झडू लागली आहे, किंवा मोबाइल फेजमध्ये मिथेनॉल जास्त पडले आहे. ताजी मोबाइल फेज करून आधी दुसरी शक्यता तपासा.

अॅमिट्रिप्टिलिन बेसिक आहे. पीएच ७ ला ते उघड्या सिलॅनॉलला चिकटते आणि शेपूट लांबवते. टेलिंग फॅक्टर म्हणजे ५ टक्के उंचीवरची रुंदी भागिले पुढच्या अर्ध्या रुंदीची दुप्पट. तटस्थ पीक सरळ आणि फक्त अॅमिट्रिप्टिलिन ओढलेले दिसले तर दोष पृष्ठभागाचा आहे. क्विनिझारिन धातूचे आयन पकडते. विकतचे मिश्रण वापरताना ते टेल झाले तर सिलिकामध्ये किंवा फ्रिटवर (कॉलमच्या टोकाच्या सच्छिद्र चकतीवर) धातू आहे असे समजावे.

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून नीट पाहा. सगळेच पीक सारखेच टेल होत असतील किंवा दुभंगले असतील, तर कॉलमच्या तोंडाशी पोकळी पडली आहे किंवा इनलेट फ्रिट अर्धवट बुजला आहे. सोबत बॅकप्रेशर वाढले असेल तर संशय फ्रिटवर. पण युरॅसिल आणि टोल्युइन बिघडलेले, शेवटचे पीक मात्र चांगले असतील, तर कॉलम निर्दोष आहे. सुरुवातीचे पीक अरुंद असतात, कॉलमबाहेरची जागा त्यांनाच जास्त पसरवते. ०.१७ मिमी व्यासाच्या ३० सेंमी नळीत ७ मायक्रोलिटर मावतात, ०.२५ मिमीच्या नळीत १५. पीकचा पसरटपणा तर त्याहून कितीतरी जास्त वाढतो, कारण तो व्यासाच्या चौथ्या घाताने चालतो. वेगवेगळ्या कंपन्यांच्या कॉलमच्या तोंडाची खोली वेगळी असते, म्हणून एका कॉलमवर आवळून बसलेले स्टीलचे फेरूल दुसऱ्यावर वापरले की नळी तळाला टेकत नाही आणि नेमकी हीच लक्षणे दिसतात. नळी तळाशी दाबून धरत नवे फेरूल बसवा आणि पुन्हा इंजेक्ट करा. डिटेक्टरचा रिस्पॉन्स टाइम २ सेकंदांवर राहिला असेल तरीही युरॅसिल पसरट दिसते. पीकवर निदान २० पॉइंट मिळतील असा डेटा रेट ठेवा.

कॉलमच्या निवडीसाठी, म्हणजे एका सी-१८ ऐवजी दुसरा चालेल का हे ठरवण्यासाठी, जपानच्या नोबुओ तनाका यांच्या गटाची चाचणी जास्त उपयोगी आहे. त्यात ट्रायफेनिलिन आणि ऑर्थो-टर्फेनिल ही जोडी रेणूच्या आकाराची निवडकता दाखवते, तर कॅफीन आणि फिनॉल हायड्रोजन बंधाची.

डिटेक्टर तपासायला वरचे टेस्ट मिक्स वापरू नका. टोल्युइन भोक पडलेल्या सेप्टममधून (बाटलीच्या झाकणातल्या पडद्यातून) उडून जाते, एरिया घटतो आणि बोल उगाच डिटेक्टरला लागतो. तिथे कॅफीन घ्या. कॉलम काढून जागी दाब देणारी बारीक नळी लावा आणि तरंगलांबी १-१ नॅनोमीटरने बदलत इंजेक्शन मारा. कमाल शोषण २०५ आणि २७३ नॅनोमीटरला, किमान २४५ ला. साधारणतः २ नॅनोमीटर इकडेतिकडे चालते, अंतिम मर्यादा तुमच्या एसओपीची (लेखी कार्यपद्धतीची). २०५ तपासताना मोबाइल फेजमध्ये मिथेनॉल नको, ते स्वतःच तिथे शोषते, पाणी घ्या. लिनिअॅरिटीसाठी, म्हणजे सांद्रतेच्या प्रमाणात एरिया वाढतो का हे पाहण्यासाठी, मिलीला ५ ते ५०० मायक्रोग्रॅमच्या पाच-सहा पातळ्या पुरतात. नुसत्या ०.९९९ या सहसंबंध गुणांकावर समाधान मानू नका. प्रत्येक पातळीचा एरिया सांद्रतेने भागून पाहा. वरच्या टोकाला तो भागाकार उतरत गेला तर डिटेक्टर तिथे दमला आहे, आलेख सरळ दिसला तरी.

बेसलाइन थरथरत असेल तर फ्लो बंद करा. थरथर तशीच राहिली तर दिवा किंवा इलेक्ट्रॉनिक्स, थांबली तर पंप, बुडबुडे किंवा मोबाइल फेज. पंपाच्या स्ट्रोकच्या लयीत येणारी लाट बहुधा चेक व्हॉल्व्हची असते. ड्यूटेरियम दिवा साधारण २,००० तास चालतो आणि लावल्यावर त्याला अर्धा-एक तास स्थिरावू द्यावे लागते, तोवर ड्रिफ्ट (बेसलाइनचे हळूहळू सरकणे) मोजू नये.

चाचणी झाली की कॉलम थेट शंभर टक्के अॅसिटोनायट्राइलवर नेऊ नका. फॉस्फेट आतच स्फटिक होऊन बसेल. आधी ९० भाग पाणी आणि १० भाग मिथेनॉल असे २० ते ३० मिली जाऊ द्या, मग लेबलवर सांगितलेल्या द्रावणात कॉलम बंद करा. क्रोमॅटोग्रामच्या प्रतीवर कॉलमचा सिरियल नंबर, सिस्टमचा क्रमांक, बॅकप्रेशर आणि जोडलेल्या नळीचा व्यास लिहा. नळीचा व्यास लिहायचा बहुतेक जण विसरतात, आणि सहा महिन्यांनी नेमका तोच लागतो.