उन्हाळा लागायच्या आत ब्रॉयलर फार्मवर काय काय करून ठेवायचं, पक्ष्याच्या हृदयाचा विचार करून

खान्देशात ज्यांचे ज्यांचे ब्रॉयलरचे, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांचे, शेड आहेत त्या सगळ्या भाऊंसाठी हे लिहितोय, मग तुम्ही रावेर-यावलचे असा, चोपडा-अमळनेरचे असा, शिरपूर-साक्रीकडचे असा नाहीतर नवापूरचे. आपल्याकडे भुसावळ-जळगाव पट्ट्यात मे मध्ये पारा ४५ च्या वर जातो हे काही नवीन नाही, तरी दरवर्षी तेच होतं, दुपारी तीन वाजता पक्षी पडायला लागले की फोन सुरू होतात आणि कोण म्हणतं बर्फ टाका, कोण म्हणतं हे औषध द्या. तेव्हा फार उशीर झालेला असतो. खरी तयारी फेब्रुवारीच्या शेवटी सुरू करायची, होळीच्या आत संपवायची, आणि करताना प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारायचा की ह्याने पक्ष्याच्या हृदयावरचा ताण किती कमी होणार. मला विचाराल तर उन्हाळ्यातली मर ही बरीचशी हृदयाची मर आहे आणि हे डोक्यात बसलं की यादी आपोआप नीट लागते.

का ते आधी सांगतो, कारण कारण समजलं नाही तर माणूस यादीतलं निम्मं गाळतो. कोंबडीला घाम येत नाही, घामाच्या ग्रंथीच नसतात, आणि तिच्या अंगाचं तापमान मुळातच ४१ ते ४२ डिग्री असतं. बाहेर गरमी वाढली की शरीर पहिल्यांदा काय करतं तर रक्त कातडीकडे पाठवतं, तुरा, चोचीखालची लाल कातडी, पाय, पंखाखालचा उघडा भाग, जिथून उष्णता बाहेर जाईल तिथे. त्यासाठी कातडीजवळच्या रक्तवाहिन्या फुलतात, त्या फुलल्या की रक्तदाब खाली येतो आणि तो सांभाळायला हृदयाला जोरात पळावं लागतं, जे आधीच मिनिटाला ३०० च्या पुढे पळत असतं. आता ब्रॉयलरचं हृदय किती, तर वजनाच्या जेमतेम अर्धा टक्का, म्हणजे २ किलोच्या पक्ष्यात साधारण १० ग्रॅमचा गोळा. आपण छातीचं मांस पटापट वाढेल अशी जात निवडत आलो, हृदय आणि फुफ्फुसं त्या वेगाने वाढली नाहीत, लहान इंजिनवर मोठी ट्रॉली ओढायला लावल्यासारखं आहे ते. वरून रक्त कातडीकडे गेल्यामुळे आतड्याला रक्त कमी पडतं, आतड्याचं अस्तर दुखावतं, म्हणून गरमीत विष्ठा पातळ होते आणि नको ते जंतू आत शिरायला वाट मिळते.

मग दुसरी पायरी, धापा. श्वास मिनिटाला २५-३० वरून दीडशेच्या वर जातो, तोंडातून आणि श्वासनलिकेतून पाणी उडतं, तेवढाच गारवा. पण ह्या धापांमध्ये रक्तातला कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर जातो, रक्त जास्त अल्कली होतं, ते सावरायला मूत्रपिंड बायकार्बोनेट बाहेर टाकतं आणि त्याच्याबरोबर पोटॅशियम आणि सोडियम पण वाहून जातं. पोटॅशियम कमी झालं की हृदयाचे ठोके नीट पडत नाहीत, लय बिघडते. त्यात शरीरातलं पाणी कमी झालेलं, रक्त कमी आणि दाट, हृदयाला ढकलायला जड. अंगाचं तापमान ४६-४७ ला टेकलं की संपलं, पक्षी पंख पसरून पडतो आणि काही मिनिटांत जातो. आणि जो जातो तो बहुतेक बॅचमधला सगळ्यात भारी पक्षी असतो, ज्याच्यावर तुमचं सगळं फीड खर्च झालंय.

म्हणून यादीतलं पहिलं काम कॅलेंडर घेऊन बसायचं. चौथ्या आठवड्याच्या पुढचा पक्षी एप्रिलच्या मधल्यापासून मे अखेरपर्यंत शेडमध्ये जितका कमी तितकं बरं. पिल्लू मार्चच्या सुरुवातीला पडलं, म्हणजे शेडमध्ये टाकलं, तर एप्रिलच्या मध्यात लिफ्टिंगला, म्हणजे विक्रीसाठी उचलायला, येतं, ते ठीक, पण एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पडलेलं पिल्लू बरोबर मे मध्ये भारी होतं. कंपनीच्या करारावर असाल तर प्लेसमेंट, म्हणजे पिल्लू कधी टाकायचं ते, तुमच्या हातात पूर्ण नसते हे मान्य, तरी सुपरवायझर दादांशी आत्ताच बोलून ठेवायचं, निदान दीड किलोच्या आसपास एक लिफ्टिंग करून गर्दी हलकी करून घ्यायची असं ठरवून घ्यायचं. आणि पक्षी कमी टाकायचे. एरवी पक्ष्याला एक स्क्वेअर फूट धरतो तिथे उन्हाळ्यात सव्वा धरा. इथे लोक सगळ्यात जास्त अडतात, जागा मोकळी दिसली की जीव तुटतो, पण दोन पक्ष्यांच्या मधून हवाच फिरली नाही तर पोटाखाली कोंडलेली गरमी जाणार कुठे?

पत्र्याचं काम सोपं आहे आणि स्वस्त आहे, चुन्यात थोडं फेविकॉल मिसळून वरून दोन हात मारायचे, म्हणजे पहिल्या वळवाच्या सरीत धुऊन जाणार नाही. ज्यांच्याकडे ऊस किंवा केळी आहे त्यांनी पाचट नाहीतर वाळलेली केळीची पानं पत्र्यावर पसरून बांधून घ्यावी, फक्त वरून लाईटची तार जात असेल तर तिथे नको, एक ठिणगी पडली की सगळं शेड जातं, पत्र्यावर ओलं ठेवणार असाल तरच हे करा. वर स्प्रिंकलर लावत असाल तर ते पत्रा तापायच्या आधी, दहा-साडेदहालाच चालू करायचे, दोन वाजता तापलेल्या पत्र्यावर पाणी सोडून फायदा उशिरा मिळतो. पश्चिमेच्या बाजूला तीनचार वाजताचं ऊन थेट आत येतं, तिथे छप्पर पुढे काढा किंवा शेडनेट लावा, आणि लांबचा विचार असेल तर पावसाळ्यात कडुनिंब लावून टाका, पण अगदी भिंतीला लागून नको, वारा अडतो.

आता पंखे आणि फॉगर, म्हणजे पाण्याचं बारीक धुकं सोडणारे नोझल, ह्यावर जरा जास्त बोलतो कारण इथे गैरसमज खूप आहेत. पंख्याच्या हवेने पक्षी गार कधी होतो, जेव्हा हवा त्याच्या अंगापेक्षा थंड असते. ३५-३६ डिग्रीला पंखा छान काम करतो. पण शेडमध्ये ४३ झालं आणि पक्ष्याचं अंग ४२ असलं तर नुसता कोरडा पंखा त्याच्यावर गरम हवा फेकतो, उलट तापवतो. तेव्हा हवेला पाणी लागलंच पाहिजे, म्हणजे फॉगर नाहीतर ओलं गोणपाट, आणि त्या ओल्या हवेला पुढे ढकलायला पंखा. आपलं नशीब एवढंच की एप्रिल-मे मध्ये दुपारची हवा कडक कोरडी असते, त्यामुळे फॉगरचं पाणी पटकन उडतं आणि आतलं तापमान चांगलं उतरतं. फॉगरचे नोझल क्षारानं बुजतात, बोअरचं पाणी जड असेल तर महिन्याभरात बुजतात, म्हणून फिल्टर टाका आणि नोझल आत्ताच काढून व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवून साफ करून ठेवा, चार जास्तीचे आणून ठेवा. थेंब बारीक पडला पाहिजे, लिटर, म्हणजे खाली पसरलेला तूस, ओलं झालं तर अमोनिया सुटतो आणि तो फुफ्फुसाला लागतो, म्हणजे फिरून हृदयावरच भार. गोणपाट बांधताना पूर्ण बाजू झाकू नका, वर फूट-दीड फूट मोकळं राहू द्या. थर्मामीटर पक्ष्याच्या उंचीला टांगायचा, माणसाच्या डोळ्याच्या उंचीला लावून उपयोग नाही, आणि आर्द्रता दाखवणारा घ्या, फार महाग नसतो.

पाण्याची टाकी. ही एक गोष्ट केली तरी अर्धी लढाई. गार दिवसात पक्षी फीडच्या साधारण दुप्पट पाणी पितो, कडक उन्हात ते चौपट किंवा त्याच्याही वर जातं, पण पाणी गरम असेल तर तो पीतच नाही, तोंड लावून सोडून देतो. पत्र्यावरची काळी टाकी आणि उन्हातून गेलेला पाईप, ह्यातलं पाणी दुपारी हात घालवत नाही इतकं तापतं. टाकी सावलीत घ्या, भोवती ओलं गोणपाट गुंडाळा, पाईप मातीखाली दाबा किंवा गोणपाटाने झाका, आणि निपलच्या, म्हणजे पक्षी चोच लावून पाणी पितो त्या, लाईनच्या शेवटी एक कॉक बसवून घ्या म्हणजे दुपारी दर तासाला लाईन मोकळी सोडून ताजं पाणी आणता येईल. ड्रिंकर नेहमीपेक्षा चौथा हिस्सा तरी जास्त लावा. पाणी आत्ताच एकदा तपासून घ्या, कारण जे पाणी मुळातच खारट आहे त्यात वरून इलेक्ट्रोलाइट, म्हणजे क्षारांची पावडर, टाकायचं तर डोस डॉक्टरांना विचारूनच ठरवावा लागेल.

फीडच्या वेळा बदलायचं पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की सुरू करा, एकदम मे मध्ये बदललं तर पक्षी गोंधळतो. खाल्लेलं पचवताना अंगात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यावर चार ते सहा तासांनी सगळ्यात जास्त असते, म्हणजे सकाळी दहाला पोटभर खाल्लेला पक्षी दुपारी तीनला आतूनही तापतो आणि बाहेरूनही. म्हणून पहाटे चारला लाईट लावून खाऊ द्या, नऊ-साडेनऊला फीडर वर उचला, संध्याकाळी सहानंतर गारवा आला की खाली सोडा. सोडताना सगळे फीडर एकदम, नाहीतर एका फीडरवर झुंबड उडते, आणि दिवसभर दमलेला पक्षी त्या चेंगराचेंगरीतच जातो. पाणी मात्र कधीच बंद करायचं नाही.

औषधांचं थोडक्यात. इलेक्ट्रोलाइट, ज्यात पोटॅशियम क्लोराइड आहे असं, पक्षी पडल्यावर द्यायचं नसतं, गरमी वाढणार असा अंदाज आला की आदल्या दिवसापासून सकाळच्या पाण्यात द्यायचं. खाण्याच्या सोड्यातल्या सोडियमचा फायदा होतो, पण तो फीडमध्ये किती घालायचा हे फीडमधलं मीठ बघून ठरतं, अंदाजाने मुठी टाकू नका. व्हिटॅमिन सी किलो फीडला २०० ते २५० मिलिग्रॅम चालतं, व्हिटॅमिन ई आणि बीटेनही कामाचे. आणि एक गोष्ट लाल पेनाने लिहून ठेवा, कॉक्सीसाठी, म्हणजे आतड्याच्या कॉक्सिडिओसिस रोगासाठी, फीडमध्ये निकार्बाझिन असेल तर ते उन्हाळ्यात बदलून मागा, त्याने गरमीतली मर वाढते हे जुनं सिद्ध झालेलं आहे. गोणीवरचं लेबल वाचा, समजलं नाही तर डॉक्टरांना फोटो पाठवा.

माणसांची तयारी कोणी यादीत लिहीत नाही. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर ठेवलेल्या गड्याचं, साल बदलतं, म्हणजे बरोबर भर उन्हात शेडवर नवा माणूस येतो, ज्याला फॉगरचा कॉक कुठे आहे तेही माहीत नाही. शिवाय लग्नसराई, घरातले सगळे वऱ्हाडात. म्हणून आखाजीच्या आठ दिवस आधी जुन्या माणसाबरोबर नव्याला फिरवा, दुपारी बारा ते सहा शेडजवळ कोण थांबणार ते नाव घालून ठरवा. त्याला नीट सांगा की दुपारी पक्षी हाकायचे नाहीत, लस नाही, वजन नाही, तूस खालीवर करायचं नाही, कुत्रं आत येऊ द्यायचं नाही, सुट्टीतली पोरं शेडमध्ये नकोत. गरमीत दचकून पळालेला भारी पक्षी तिथल्या तिथे उलटा पडून जातो. लिफ्टिंग रात्रीच, क्रेटमध्ये पक्षी कमी. लाईट जाणार, डीपी जळणार, हे धरूनच चाला, जनरेटर आठवड्यातून एकदा लोड टाकून चालवून बघा, डिझेल भरून ठेवा, आणि बंद ईसी शेड (सगळी हवा पंख्यांवर चालणारं) असेल तर अलार्म हवाच, तिथे पंखे थांबले की काही मिनिटांत होत्याचं नव्हतं होतं.

रात्र विसरू नका भो. दिवसभर जोरात धावलेल्या हृदयाला रात्री आराम मिळाला तर पक्षी दुसऱ्या दिवसाला टिकतो. पण मे मध्ये आपल्याकडे रात्रीसुद्धा २८-३० च्या खाली उतरत नाही बऱ्याचदा, आणि लोक बिल वाचवायला नऊ वाजता पंखे बंद करून झोपतात. उलट करा, रात्री पडदे पूर्ण खाली सोडून बाजू उघड्या, पंखे पहाटेपर्यंत चालू, कारण तेव्हा बाहेरची हवा पक्ष्यापेक्षा खरंच थंड असते आणि कोरड्या पंख्याचाही पूर्ण फायदा मिळतो.

मरीचं रजिस्टर तासाप्रमाणे ठेवा. दुपारी दोन ते सात मध्ये, मोठेच पक्षी, छातीचं मांस शिजल्यासारखं फिकं, फुफ्फुसात रक्त साचलेलं, असं दिसलं तर गरमीवर संशय. पण मर सकाळी पण आहे, लहान पक्षी पण जातात, तुरे निळे पडलेत, डोकं सुजलंय, तर ऊन म्हणून सोडून देऊ नका, लगेच सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या नवापुरातच सापडला होता आणि २०२१ मध्ये परत सापडला, तेव्हा ह्या बाबतीत आपण जास्तच सावध असायला हवं. मेलेल्यांसाठी खड्डा आणि चुना आधीच तयार ठेवा. धापा टाकत पडलेला एखादा पक्षी दिसला तर सावलीत वाऱ्याला ठेवून त्याचे पाय, तुरा, पंखाखालचा भाग साध्या पाण्याने ओला करा, रक्त तिथेच कातडीजवळ आलेलं असतं, बर्फाच्या पाण्यात बुडवू नका.

आणि शेवटचं काम जूनच्या पहिल्या आठवड्यासाठी लिहून ठेवा, कारण तेव्हा सगळे ढिले पडतात. सातपुड्यावर ढग दिसायला लागले, पारा ३८ वर उतरला, पण हवा दमट झाली की फॉगरचं पाणी उडत नाही आणि पक्ष्याच्या धापांमधलंही उडत नाही, त्याचा एकुलता एक मार्ग बंद होतो. आर्द्रता सत्तरच्या पुढे दाखवली की फॉगर बंद, ओलं गोणपाट काढून टाका, बाजू पूर्ण मोकळ्या, पंखे फुल, फीडर उचलण्याच्या वेळा तशाच चालू ठेवा, आणि पहिला चांगला पाऊस होऊन चारपाच दिवस जाईपर्यंत दुपारचा माणूस हटवू नका.