न्यू जर्सीत थंडीआधी घराबाहेरची आवराआवर

थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरचा चौथा गुरुवार) आत हे उरकून टाका, नंतर बोटं गारठतात आणि नुसती टाळाटाळ होते. सगळ्यात आधी बाहेरचा नळ. होज, म्हणजे बागेला पाणी घालायचा लांब पाइप, काढून ठेवा, बेसमेंटमधला त्या लाइनचा व्हॉल्व्ह बंद करा आणि मग बाहेरचा नळ उघडाच ठेवा म्हणजे उरलंसुरलं पाणी गळून जाईल, कारण पाणी गोठलं की साधारण 9 टक्के फुगतं, पाइप भिंतीच्या आत फुटतो आणि आपल्याला कळतं ते थेट उन्हाळ्याच्या तोंडावर नळ सोडल्यावर. आम्ही पहिल्या वर्षी होज तसाच लावून ठेवलेला, पुढचं विचारू नका.

पानं सगळी पिशव्यांत भरायची गरज नाही, पातळ थर असेल तर वरून मोअर (गवत कापायचं यंत्र) फिरवा, चुरा लॉनमध्येच जिरतो, फुकटचं खत. जाड थर मात्र उचला, खाली गवत कुजतं. छपराचं गटर, म्हणजे कडेची पन्हळ, शेवटची पानं पडल्यावर साफ करा नाहीतर दोनदा शिडी चढावी लागते. निळ्या-गुलाबी गोंड्यांची हायड्रेंजिया छाटू नका, जुन्या फांद्यांवरच पुढच्या वर्षीच्या कळ्या असतात.

आणि कढीपत्त्याची कुंडी! रात्रीचं तापमान 10 डिग्री सेल्सियसच्या खाली जायच्या आत ती घरात घ्या, पण आधी पानांच्या मागच्या बाजूने पाण्याचा फवारा मारा, तिथे कीड लपून बसलेली असते.