ग्लोमेरुलसची मोजणी: सुरी लावण्यापूर्वीची तयारी

नागपुरात मेडिकल, मेयो किंवा एम्स या रुग्णालयांत पॅथॉलॉजीच्या प्रबंधासाठी स्टिरिऑलॉजीने (सपाट कापांवरून त्रिमितीय मापे काढण्याच्या पद्धतीने) मूत्रपिंडातले ग्लोमेरुलस (रक्त गाळणारे केशवाहिन्यांचे सूक्ष्म गुच्छ) मोजायचे ठरले असेल, तर बहुतेक तयारी सुरी हाती घेण्यापूर्वीच पुरी करावी, कारण नमुन्याच्या निवडीतली चूक पुढे कोणत्याही संख्याशास्त्राने भरून निघत नाही.

नैतिकता समितीची मंजुरी मिळाल्यावर शवविच्छेदनातून अख्खे मूत्रपिंड मिळेल, याची आधी खात्री करून घ्यावी. केवळ तुकड्यावरून दर चौरस मिलिमीटरमागे दिसणारे ग्लोमेरुलस सांगता येतात आणि तो आकडा फसवा असतो: मोठा ग्लोमेरुलस कापात अधिक वेळा सापडतो, शिवाय बाह्यक (मूत्रपिंडाचा बाहेरचा थर) आक्रसले की एकूण संख्या तेवढीच राहूनही दाटी वाढलेली दिसते. एकूण संख्या काढण्यासाठी दाटीसोबत बाह्यकाचे घनफळही लागते; ते कॅव्हालिएरीच्या तत्त्वाने, म्हणजे समान अंतरावरच्या समांतर कापांच्या क्षेत्रफळांवरून, मोजावे. मूत्रपिंडाचे ५ मिलिमीटर जाडीचे समांतर काप घ्यायचे असतील, तर पहिला छेद ० ते ५ मिलिमीटरमध्ये कुठे पडेल हे यादृच्छिक अंकांच्या तक्त्यावरून ठरवावे, डोळ्यांना बरे वाटेल त्यावरून नव्हे. प्रत्येक कापाच्या एकाच बाजूवर ठिपक्यांची पारदर्शक जाळी ठेवावी. बाह्यकावर पडलेल्या ठिपक्यांची बेरीज, एका ठिपक्यामागचे क्षेत्रफळ आणि कापाची जाडी यांचा गुणाकार म्हणजे घनफळ. पॅराफिनमध्ये ऊतक आकुंचन पावते, म्हणून प्रक्रियेपूर्वीचे व नंतरचे माप नोंदवण्याची सोय हवीच.

प्रत्यक्ष ग्लोमेरुलस मोजण्याच्या, १९८४ साली मांडलेल्या डिसेक्टर पद्धतीसाठी सेक्शनच्या (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या अतिपातळ कापांच्या) जोड्या लागतात. माणसाचा ग्लोमेरुलस साधारण २०० मायक्रोमीटरचा असतो आणि जोडीतले अंतर त्याच्या पाव ते एक तृतीयांश ठेवतात. ५ मायक्रोमीटरचे सेक्शन असल्यास पहिला व अकरावा घ्यावा. पहिल्यात दिसणारे पण अकराव्यात न दिसणारे तेवढेच मोजायचे, म्हणून एकही सेक्शन गळू नये आणि स्लाइडवरचे अनुक्रमांक तंत्रज्ञांशी आधीच ठरवून घ्यावेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांजवळ जातो, तेव्हा ऊतकाचा पॅराफिन ब्लॉक मऊ पडून सेक्शन दबतात. बर्फाचा ट्रे मायक्रोटोमशेजारीच (सेक्शन कापण्याच्या यंत्राशेजारी) ठेवावा आणि शक्य असल्यास हे काम सकाळी करावे.

मोजणाऱ्याला रुग्णगट कळू नये म्हणून स्लाइडना सांकेतिक क्रमांक द्यावेत. पृष्ठभाग किंवा लांबी मोजायची असल्यास कापांची दिशाही यादृच्छिक लागते. निव्वळ संख्येसाठी ती अट नाही. एका मूत्रपिंडात १०० ते २०० ग्लोमेरुलसची मोजणी सहसा पुरते. त्याहून वेळ उरला, तर तो आणखी मूत्रपिंडे अभ्यासात घेण्यासाठी राखून ठेवावा.