सातारा ते मेणवली, सायकलवर

पोवई नाक्यावरून उजाडायच्या आत निघा. हायवेला शक्य तिथे सर्व्हिस रोड धरा आणि लिंब फाट्याला गावात वळा. इथली बारा मोटेची विहीर साताऱ्याच्या छत्रपती शाहू महाराजांच्या काळातली, विरूबाईंनी बांधलेली. अष्टकोनी विहीर, तिला जोडून दुसरी छोटी, आणि दोन्हींच्या मधोमध चक्क महाल! वर गेलात की मोटा लावायच्या दगडी जागा मोजा. पायऱ्यांवर कडक तळाचे सायकलचे बूट सटकतात, तेव्हा पिशवीत चप्पल ठेवाच. माझं मत विचाराल तर तासभर इथे द्या, घाई वाईला करा.

पुढे वाईपर्यंत ऊस. गाळपाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर समोर दिसला की मुकाट्याने साइडपट्टीवर उतरा. मागची ट्रॉली झोल खाते. बाभळीचा काटा टायरमध्ये दिसला तर लगेच उपटू नका, आधी सावली आणि पंप शोधा. दोन ट्यूब जवळ हव्यातच.

वाईत ढोल्या गणपतीला नमस्कार, मिसळ, आणि पुढे तीनेक किलोमीटरवर मेणवली. नाना फडणवीसांचा वाडा बघून घाटावर उतरा. तिथली मोठी घंटा पोर्तुगिजांची, वसईच्या 1739 च्या विजयानंतर आलेली. पायांत दम असेल तर धोमचं नरसिंह मंदिर गाठा, नाहीतर ऊन चढायच्या आत परत फिरा. पावसाळ्यात घाटाच्या पायऱ्या शेवाळतात. मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीच जातो.