नळ बंद करायला शिकताना: बास गिटारवर फंक

बास गिटार घेतली तेव्हा मला एकच गोष्ट करायची होती, अंगठ्याने तारा बडवायच्या. व्हिडिओत लोक करतात ना, तसं. त्याला स्लॅप म्हणतात आणि फंक हे ठेक्यावर चालणारं अमेरिकन संगीत म्हणजे तेच, अशी माझी पक्की समजूत होती. पहिलं अख्खं वर्ष त्यात गेलं. अंगठ्याला फोड आला, फुटला, तिथे घट्टा पडला. वर्षाअखेरीस जे वाजत होतं त्याला फंक म्हणणं कठीण होतं. गोट्या भरलेला पत्र्याचा डबा जिन्यावरून गडगडत खाली यावा, तसा तो आवाज होता.

फंककडे नव्याने वळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. माझं ते वर्ष तुम्ही वाचवावं, एवढीच इच्छा.

वाद्याबद्दल फार वेळ घालवू नका. चार तारांची, वापरलेली, मान सरळ असलेली कुठलीही बास चालते. जाड तारेपासून बारीककडे ई, ए, डी, जी. घरच्यांना ती बहुधा कळणार नाही. आमच्या आत्याने पहिल्यांदा पाहून विचारलं, "दोन तारा कमी आहेत, म्हणून स्वस्तात दिली का रे?" हेडफोन लागतील असा छोटा अँप, म्हणजे आवाज मोठा करणारा डबा, मात्र घ्या. बासचा आवाज भिंतीतून जातो, हे तुमच्याआधी खालच्या मजल्याला कळतं.

वर्षभराने मी एका सरांकडे गेलो. मूळचे गोव्याचे, हॉटेलांतल्या बँडमध्ये तीसेक वर्षं बास वाजवलेली. मी तयारी करून गेलो होतो. बसलो आणि होतं नव्हतं ते सगळं वाजवून दाखवलं. सर चहा पीत ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "बाबा, तू नळ सोडतोस आणि निघून जातोस. बंद कोण करणार?"

मला कळलं नाही. मग त्यांनी बास घेतली, जाड तारेवर पाचव्या फ्रेटवरचा (फ्रेट म्हणजे मानेवरची धातूची आडवी पट्टी) ए वाजवला आणि थांबवला. फक्त एक सूर. पण तो जिथे थांबला ती जागा सुरीने कापल्यासारखी होती. खोलीतला पंखा अचानक ऐकू आला. मग बास माझ्याकडे दिली. मी तोच सूर वाजवला. माझा सूर संपल्यावरही काहीतरी गुणगुणत राहिलं, शेजारच्या तारा उगाचच थरथरत होत्या. मी सोडलेले सगळे नळ एकदम ऐकू आले.

तेव्हापासून माझं मत पक्कं आहे. बासवर फंक म्हणजे निम्म्याहून जास्त सूर थांबवण्याचं काम, आणि ते डाव्या हाताचं आहे. उजवा हात सगळ्यांना दिसतो, म्हणून सगळे त्याच्यामागे लागतात.

सूर थांबवायचा म्हणजे बोट उचलायचं नाही. दाब सोडायचा, पण बोट तारेवरच ठेवायचं. तार फ्रेटपासून सुटते, बोटाचा मऊ भाग तिला धरून ठेवतो आणि आवाज मरतो. इथे एक खोच आहे, ती मला कोणी आधी सांगितली नव्हती. एकच बोट नुसतं टेकवलं आणि ते नेमकं पाचव्या, सातव्या किंवा बाराव्या फ्रेटवर असलं, तर तार गप्प बसण्याऐवजी शीळ घालते. ते हार्मोनिक. म्हणून दुसरं, जमल्यास तिसरं बोटही हलकेच टेकवायचं. मोकळ्या तारेला तर दाब सोडायची सोयच नाही, तिथे बोट आणून ठेवावंच लागतं. आणि बारीक तारांवर वाजवताना जाड ई आपोआप घुमायला लागते. तिच्यावर उजव्या हाताचा अंगठा टेकवून ठेवायचा.

सरांनी गृहपाठ दिला तो असा. मेट्रोनोम, म्हणजे टिकटिक करून लय धरणारं यंत्र, मिनिटाला ६० वर. चार मात्रांपैकी पहिलीवर ए. दुसरीची टिक ऐकू येईल त्याच क्षणी सूर मेलेला हवा. आधी नाही, नंतर नाही. रोज दहा मिनिटं. मग तोच सूर अर्ध्या मात्रेचा. मग पाव. दोन आठवडे एवढंच. कंटाळा येतो, हे खोटं कशाला सांगू. पण तिसऱ्या आठवड्यात कधीतरी सूर सुरू होण्यापेक्षा संपण्याकडे कान जायला लागला.

आता पहिल्या मात्रेबद्दल. फंकमध्ये तिला नुसतं 'द वन' म्हणतात आणि तिची भक्ती करतात. जेम्स ब्राउन या अमेरिकन गायकाने सगळ्या बँडचा भार त्या मात्रेवर आणला. १९७० च्या मार्चमध्ये त्याचा बँड त्याला सोडून गेला, तेव्हा सिनसिनाटीहून आलेल्या पोरांच्या बँडने ती जागा घेतली. त्यात बासवर बूट्सी कॉलिन्स होता, वय अठरा. बूट्सी पुढे मुलाखतींतून सांगत आला आहे की तो हवं ते, हवं तितकं वाजवायचा आणि ब्राउनने त्याला तंबी दिली. एकवर मला तू हवास, मग उरलेल्या जागेत काय करायचं ते कर, अशा अर्थाची. वर्षभरात बूट्सी तिथून बाहेर पडला, पुढे जॉर्ज क्लिंटनच्या पार्लमेंट-फंकाडेलिकमध्ये गेला आणि ही एकची शिकवण त्याने तिकडेही नेली.

लहानपणी तबला शिकलेल्यांना हे वाचून लगेच सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, आठवेल. मलाही आठवली. आठवणं बरोबर आहे, पण माझा घोटाळा तिथेच झाला. समेकडे आपण येतो. तिहाई घेऊन (एकच तुकडा तीनदा वाजवून), फिरून, उत्सुकता ताणून येतो आणि आलो की मान डोलते. फंकमधल्या एककडे यायचं नसतं, तिथून निघायचं असतं. मी दर चार आवर्तनांनी तिहाईसारखं काहीतरी भरून एकवर उतरायचो आणि स्वतःवर खूश व्हायचो. जॅमपॅडमध्ये, म्हणजे बँडच्या सरावाच्या खोलीत, तिसऱ्या शनिवारी आमच्या ड्रमरने काठ्या खाली ठेवल्या. म्हणाला, "अरे, तू दर वेळी घरी पोहोचल्यासारखं का करतोस? आत्ता तर निघालोय आपण." तासाला पैसे भरून घेतलेली खोली, त्यामुळे वाद घातला नाही. घरी येऊन रेकॉर्डिंग ऐकलं. त्याचं बरोबर होतं.

तबल्याचा खरा फायदा वेगळ्या ठिकाणी होतो. फंकचं आवर्तन चार मात्रांचं, पण प्रत्येक मात्रेचे चार भाग मनात चालू ठेवावे लागतात, म्हणजे सोळा घरं. इंग्रजी आकडे मोजत बसण्यापेक्षा मी 'तिरकिट तिरकिट' म्हणतो. चार अक्षरं, चार घरं, जीभ अडखळत नाही. सुराची जागा सांगायलाही सोपं. 'दुसऱ्या तिरकिटच्या कि वर' असं मी ड्रमरला म्हणतो, आणि आता त्यालाही ते कळतं. तीनतालही सोळा मात्रांचा आहे, पण त्यातली 'खाली', म्हणजे टाळी न देता हात मोकळा सोडायची मात्रा, शोधायला इथे जाऊ नका. ती नाही. उलट दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर, म्हणजे काठीने वाजणारा कडक आवाजाचा छोटा ड्रम, कडाडतो.

या सोळा घरांपैकी प्रत्येकात सूर वाजवायचा नसतो. काही घरांत नुसता 'टक्' येतो. डाव्या हाताने तार दाबलेली नसते, झाकलेली असते, आणि उजव्या हाताने छेडायची. सूर कळत नाही, ठोका कळतो. याला घोस्ट नोट म्हणतात. हे अंगठ्याशिवाय, नुसत्या दोन बोटांनी कुठवर नेता येतं ते ऐकायचं असेल तर ओकलंडच्या टॉवर ऑफ पॉवर या बँडचा रॉको प्रेस्तिया ऐका. १९७३ च्या 'व्हॉट इज हिप' मध्ये तो सोळा घरं अखंड चालवतो, आणि तरी ऐकताना गर्दी वाटत नाही, कारण त्याचा प्रत्येक सूर आखूड आहे. मी ते पहिल्याच महिन्यात वाजवायला गेलो आणि मनगट धरून बसलो. मेट्रोनोम १०० वर असला तर एका घराला ०.१५ सेकंद मिळतात. तेवढ्यात सूर सुरूही करायचा आणि संपवायचाही. घाई करू नका.

सुरुवातीला न्यू ऑर्लिन्सच्या मीटर्स या बँडचं १९६९ चं 'सिसी स्ट्रट' घ्या. चाल रमतगमत आहे, बास आणि गिटार हातात हात घालून जातात आणि मध्ये एवढी मोकळी जागा आहे की आपण कुठे सांडतोय ते लगेच कळतं. त्यानंतर शीक या बँडचं १९७९ चं 'गुड टाइम्स'. त्यांच्या बासवाल्या बर्नार्ड एडवर्ड्सची ती ओळ तीन ठोक्यांनी सुरू होते आणि थबकते. ते थबकणं जमेपर्यंत पुढचे सूर शिकूच नका. ही जरा हेकट सूचना आहे, मान्य आहे.

आता स्लॅप. मी त्याच्या विरोधात नाही. पण त्याची जन्मकथा कळल्यावर माझा हात बदलला. लॅरी ग्रॅहम किशोरवयात सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात आईसोबत वाजवायचा. ऑर्गन बिघडला म्हणून त्याने तात्पुरती बास हाती घेतली. मग आईने ड्रमरशिवाय वाजवायचं ठरवलं, तेव्हा ड्रमची पोकळी भरायला तो जाड तारांवर अंगठा मारू लागला आणि बारीक तारा बोटाने ओढून सोडू लागला. अंगठा म्हणजे पायाने वाजणारा मोठा ड्रम, ओढलेली तार म्हणजे स्नेअर. पुढे स्लाय अँड द फॅमिली स्टोन या बँडमधून ते जगभर गेलं. म्हणजे स्लॅप ही करामत नव्हती, न आलेल्या ड्रमरची हजेरी होती. मी वर्षभर ड्रमर नसलेला ड्रमच वाजवत होतो, फक्त तालाशिवाय.

करायचाच असेल तेव्हा एवढं लक्षात ठेवा. अंगठा तारेवर आपटून तिथेच ठेवायचा नाही, तो उसळून परत यायला हवा. हालचाल मनगटातून, कुलपात किल्ली फिरवावी तशी. फ्रेट संपतात तिथे मारा, आवाज तिथेच फुटतो. पहिला आकार सोपा घ्या: जाड तारेवर पाचव्या फ्रेटवरचा ए अंगठ्याने, मग डी तारेवर सातव्या फ्रेटवरचा वरचा ए तर्जनीने ओढून. दोन्ही सूर आखूड. नळ इथेही बंद करायचेच.

तारांचा एक किस्सा सांगतो, तो स्लॅपवाल्यांना पटणार नाही. त्यांना नव्याकोऱ्या चकचकीत तारा लागतात. डेट्रॉइटला मोटाउन या रेकॉर्ड कंपनीत बास वाजवणारा जेम्स जेमरसन मात्र तारा तुटेपर्यंत बदलायचा नाही, ब्रिजजवळ (तारा जिथे खाली अडकवतात तिथे) तारांखाली फोम ठेवायचा आणि उजव्या हाताचं एकच बोट वापरायचा. त्याच्या बासचं टोपणनाव होतं फंक मशीन. मीही भांडी घासायच्या नव्या स्पंजचा तुकडा कापून तारांखाली सरकवून पाहिला. आवाज लगेच आवरता झाला. पण दोन महिन्यांनी काढून टाकला, कारण डावा हात आळशी व्हायला लागला होता.

सराव कितीही लहान असो, रेकॉर्ड करा. वाजवताना आपण स्वतःला ऐकत नाही, आपण वाजवू पाहतोय ते ऐकतो. मी दर रविवारी सकाळी फोन टेबलावर ठेवून एक मिनिट वाजवतो, तेच तीन ठोके, तोच ए. परवा सहज पहिल्या वर्षातलं एक रेकॉर्डिंग काढलं आणि त्याच्यामागोमाग गेल्या रविवारचं लावलं. गेल्या रविवारच्या रेकॉर्डिंगमध्ये दुसऱ्या ठोक्यानंतरच्या जागेत शेजारच्यांच्या कुकरची शिट्टी स्वच्छ ऐकू येते. जुन्यात नाही. त्यांचा कुकर तेव्हाही रविवारी याच वेळी लागायचा.