अहमदाबादला तीन दिवस जाताय? या चुका टाळा

शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली की माझ्या फोनवर ठरलेला मेसेज येतो. ‘‘अहमदाबादला चाललोय, जुन्या इमारती आणि खाणं. पटकन यादी पाठव.’’ यादी मी पाठवत नाही. ती सगळ्यांकडे असतेच, रील बघून केलेली, एका दिवसात अकरा ठिकाणांची. मी या शहरात सहा वेळा गेलेय आणि दोनदा स्वतःच माती खाल्लीय, तेव्हा त्याबद्दलच सांगते.

सुट्टी आपल्या कॅलेंडरवर ठरवणं

पहिल्यांदा आम्ही गेलो ते पाडवा-भाऊबीज जोडून. ठाण्याहून मी, नवरा, नणंद आणि तिचे यजमान. नणंद बरोबरच होती, म्हटलं ओवाळणी गाडीतच उरकू. पहाटे स्टेशनात उतरलो तर रिक्षावाला ‘‘साल मुबारक’’ म्हणाला. तेव्हाच कळायला हवं होतं. आपला पाडवा म्हणजे गुजरात्यांचं बेसतुं वर्ष, त्यांचं नवं वर्ष, आणि तिथून थेट लाभपांचमेपर्यंत (कार्तिक शुद्ध पंचमी) दुकानदार मंडळी गावाला, नाहीतर देवदर्शनाला. जुन्या शहरात शटरमागून शटर बंद, वर कागद चिकटवलेला: मुहूर्त लाभपांचमे. ज्या फरसाणवाल्यासाठी नणंदेच्या यजमानांनी रात्रभर उपास केला होता, त्याच्या पायरीवर कुत्रं झोपलेलं. दुसऱ्या रात्री आम्ही हॉटेलच्या पलंगावर वर्तमानपत्र पसरून घरून नेलेला चिवडा आणि चकल्या खाल्ल्या. अहमदाबादची खाद्ययात्रा!

दिवाळी सोडली तरी लाँग वीकेंडची गोम राहतेच. सुट्टी आहे म्हणून तुम्ही जाता आणि सुट्टी आहे म्हणूनच तिथलं दार बंद असतं. कॅलिको हे कापडांचं म्युझियम बुधवारी आणि सार्वजनिक सुट्ट्यांना बंद, शिवाय आधी नाव नोंदवल्याशिवाय आत घेत नाहीत. वास्तुविशारद लुई कानच्या आयआयएममध्ये वाटलं म्हणून शिरता येत नाही. ल कॉर्बुझिए या दुसऱ्या वास्तुविशारदाने बांधलेली साराभाई आणि शोधन ही घरं खासगी आहेत, फाटकाशी घुटमळून वॉचमनला पिडू नका. त्याचंच मिल ओनर्स असोसिएशनचं १९५४चं कार्यालय आश्रम रोडवर आहे. ते आतून बघायचं तर कामाच्या दिवशी जावं. पश्चिमेचं ऊन अडवायला तिरक्या लावलेल्या काँक्रीटच्या पट्ट्या मात्र रस्त्यावरूनही दिसतात.

मी काय करते, तर सुट्टी सोमवारची असली तरी शुक्रवारी रजा टाकते. नव्या वास्तू शुक्रवारी, आधी ईमेल-फोन करून. मशिदी, पोळ (जुन्या शहरातल्या गल्ल्यांच्या वस्त्या), वाव (पायऱ्यांच्या विहिरी) हे रविवार-सोमवारी. आठवडाभर आधी दोन फोन करायचा ज्यांना कंटाळा येतो, त्यांनी सरळ लोणावळ्याला जावं.

भर दुपारी थाळी

हा माझ्या मावसभावाचा पराक्रम. बजावूनही साडेबाराला थाळीला बसला. फरसाण, दोन भाज्या, कढी, वेढमी (म्हणजे आपली पुरणपोळीच, तुरीच्या डाळीची), वर श्रीखंड. वाढपी आग्रह करणारे आणि हा नाही म्हणायला लाजणारा. दोन वाजता आम्ही अडालजला पोहोचलो, तेव्हा स्वारी मागच्या सीटवर घोरत होती. उठवला तर म्हणे, ‘‘तुम्ही या बघून, फोटो दाखवा.’’

अडालजची वाव म्हणजे आपली बारवच, पण पाच मजले जमिनीत उतरलेली, १४९९ची. शहराच्या उत्तरेला साधारण अठरा किलोमीटरवर. पायऱ्या उतरताना एकेका मजल्याला हवा गार होत जाते, रस्त्यावरचा आवाज वरच राहतो, आणि तळाशी उभं राहून मान वर केली की आकाशाचा अष्टकोनी तुकडा दिसतो. ऊन डोक्यावर असतानाच उजेड नीट खाली पोहोचतो, म्हणून मी बाराच्या सुमारास जाते. म्हणजे नेमकी जेवायची वेळ. म्हणूनच माझा नियम: दुपारी खमण आणि ताक, थाळी फक्त रात्री. आणि ज्या रात्री थाळी, त्या रात्री माणेक चौक नाही. एका रात्रीत दोन्ही करणारे वीर मी पाहिलेत, दुसऱ्या सकाळी ते औषधाच्या दुकानात सापडतात.

माणेक चौकात संध्याकाळी पाचला जाऊन ‘‘काहीच नाही हो तिथे’’ म्हणणारेही भेटतात. दिवसा तो सराफबाजार असतो. दुकानं मिटली की खाण्याच्या गाड्या लागतात, तेव्हा नऊनंतर जा. फाफडा उलट सकाळचा, सोबत पपईचा संभारो आणि तळलेल्या मिरच्या. पिवळं जाळीदार असतं ते खमण, त्याला ढोकळा म्हणू नका, दुकानदार दुरुस्त करतो. डाळ गोड लागली म्हणून तोंड वाकडं करू नका, आपणही आमटीत गूळ घालतोच. दारूबंदी आहे, हे बहुतेकांना माहीत असूनही प्रत्येक ग्रुपात एकजण विचारतोच.

साबरमतीचे पूल दिवसातून पाच वेळा ओलांडू नका. तटबंदीचं जुनं शहर पूर्वेला, कॉर्बुझिए, कान आणि आपल्याकडचे वास्तुविशारद दोशी यांची कामं बहुतेक पश्चिमेला. एक दिवस एक काठ.

पोळ रिक्षातून बघणं

बघणं कसलं, नुसतं हॉर्न ऐकणं. काळूपूरच्या स्वामीनारायण मंदिरापासून सकाळी आठला महापालिकेचा हेरिटेज वॉक निघतो, १९९७पासून चालू आहे, जामा मशिदीपाशी संपतो. रांगेत चालणं कमीपणाचं वाटत असेल तरी जा. एकट्याने गेलात तर चबुतऱ्यावरची कबुतरं दिसतील, पण घराच्या चौकाखाली पावसाच्या पाण्याचं टाकं आहे हे कोण सांगणार? मला एका आजींनी फरशीतलं झाकण सरकवून दाखवलं होतं. दोरीने तांब्या सोडला, वर काढला, ‘‘पी ले’’ म्हणाल्या. पावसाचं पाणी, गार, कसलाही वास नाही. घर त्यांचं आहे, तेव्हा विचारल्याशिवाय कॅमेरा काढू नका.

‘तीन दरवाजा’ या जुन्या वेशीखालून मराठी माणसं मोबाइलवर रस्ता शोधत जातात, ते बघून जीव चरफडतो. तिथे १८१२चा देवनागरी शिलालेख आहे, मराठी सुभेदार चिमणाजी रघुनाथचा: मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा विनातक्रार द्यावा. न देणाऱ्या हिंदूने महादेवाला जाब द्यायचा, मुसलमानाने अल्लाला. दोन मिनिटं थांबा हो.

परतीची दुपारची गाडी

सिदी सय्यद मशिदीची दगडात झाड कोरलेली जाळी तीन मिनिटांत ‘उरकायची’ आणि स्टेशन गाठायचं, हा शेवटच्या दिवसाचा ठरलेला अपराध. दुपारी रस्त्यावरून फोटो काढला तर जाळी काळीठिक्कर येते. ही १५७२-७३ची मशीद, आणि जाळ्या तिच्या पश्चिमेच्या भिंतीत, त्यामुळे उतरतं ऊन त्यांतून आत येतं. म्हणून चारनंतर अंगणाच्या बाजूने बघा. चालती मशीद आहे, नमाजाची वेळ टाळा आणि आत कुठवर जायचं ते विचारून घ्या. मी परतीचं तिकीट नेहमी रात्रीच्या गाडीचं काढते. पाचच्या सुमारास दगडातल्या त्या झाडाच्या फांद्यांमधून ऊन झिरपतं, मग मी समोर चहा घेते, खाखऱ्याची पाकिटं भरते आणि तरीही गाडीला तासभर असतो.