पोस्टर लावण्याआधी पेटंट: बायोमेडिकल आणि मटेरियल सायन्सच्या लॅबसाठी

लॅबमधल्या शोधाचं पेटंट हातचं जातं ते बहुतेक वेळा पोस्टर छापायला टाकलं त्या दिवशी. पुढची सगळी धावपळ, फॉर्म, फी, वकील, हे त्यानंतरचं सोपस्कार म्हणून उरतं. म्हणून आधी तारखा, मग विज्ञान, मग कागद, असाच क्रम ठेवा.

बोलायला एक उदाहरण घेऊ. समजा, कोळंबीच्या सालांतून काढलेलं कायटोसान, त्यात चांदीचे नॅनोकण, आणि जेनिपिन या रसायनाने क्रॉसलिंक केलेलं (रेणू एकमेकांना बांधलेलं), जखमेवर लावायचं हायड्रोजेल तुमच्या लॅबने तयार केलंय. बायोमेडिकलही आहे, मटेरियलही आहे, आणि पेटंटच्या वाटेवर जितके खड्डे असतात तितके सगळे यात आहेत.

तारखा

भारतात नावीन्य मोजलं जातं ते अर्ज दाखल केल्याच्या तारखेपासून मागे. त्याआधी तुम्ही स्वतःच जगाला सांगितलेलं तुमच्याच विरुद्ध वापरलं जातं. पेपर तर झालाच, पण परिषदेचं अॅबस्ट्रॅक्ट बुक, 'आविष्कार' संशोधन स्पर्धेतलं पोस्टर, खुली व्हायवा, शोधगंगावर चढलेला प्रबंध आणि प्रीप्रिंट हेही त्यात आले. पेपर पुढच्या महिन्यात छापून येणार असला, तरी जर्नलने 'ऑनलाइन फर्स्ट' टाकल्याची तारीख धरली जाते.

पेटंट कायद्याच्या कलम ३१ मध्ये १२ महिन्यांची सवलत आहे आणि २०२४ च्या नियमांनी तिच्यासाठी फॉर्म ३१ ही आणलाय. पण ती सरकारने अधिसूचित केलेली प्रदर्शनं आणि विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरतीच आहे. तिच्या भरवशावर पेपर टाकू नये. अमेरिकेत वर्षभराची सवलत बरीच मोकळी आहे, म्हणून तिथल्या विद्यापीठांच्या कथा वाचून गैरसमज होतो. स्टॅनफर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचं कोहेन-बॉयर जनुक-जोडणीचं पेटंट याच सवलतीवर तगलं: पेपर नोव्हेंबर १९७३ चा, अर्ज नोव्हेंबर १९७४ चा. अमेरिकेत पेटंट मिळालं, पण बाहेरच्या देशांतला हक्क पेपरानेच बुडवला.

तेव्हा क्रम असा: आधी प्रोव्हिजनल (तात्पुरता, प्राथमिक) अर्ज, मग पोस्टर. प्रोव्हिजनलनंतर पूर्ण स्पेसिफिकेशनसाठी, म्हणजे शोधाच्या सविस्तर वर्णनासाठी, १२ महिने मिळतात. पण प्रोव्हिजनल म्हणजे रेल्वेचं तिकीट काढून जागा धरणं नव्हे. त्यात जे लिहिलंय तेवढ्यालाच ती तारीख मिळते. दोन पानांत "कायटोसानचं जेल" एवढंच लिहिलंत आणि जेनिपिनचं प्रमाण वर्षभराने घातलंत, तर त्या प्रमाणाला वर्षभरानंतरचीच तारीख. मधल्या काळात तुमचाच पेपर आला असेल, तर तोच आडवा येतो. म्हणून पोस्टरवर जे जे आहे ते सगळं प्रोव्हिजनलमध्ये हवं, आलेखांसकट.

शोधण्याचं काम

आधीची पेटंटं आणि अर्ज शोधायची संकेतस्थळं: गूगल पेटंट्स, एस्पासनेट, पेटंटस्कोप आणि भारतीय अर्जांसाठी इनपास. शब्दांनी शोधून थांबू नका, वर्गीकरणाच्या कोडने शोधा. पट्टीतल्या पॉलिसॅकराइडसाठी ए६१एल १५/२८ आणि कायटिन-कायटोसानसाठी सी०८बी ३७/०८ हे दोन घेतले, तरी शब्दांनी न सापडलेलं बरंच वर येतं. चिनी अर्जांचा यांत्रिक अनुवाद डोळ्यांखालून घालाच. कायटोसान-चांदीच्या क्षेत्रात तिथली गर्दी दाट आहे.

जुनं वाङ्मयही प्रायर आर्टच, म्हणजे आधीपासून जगापुढे असलेलं ज्ञानच असतं. १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीने जखम भरण्याबद्दल अमेरिकेत पेटंट मिळालं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना सीएसआयआरने संस्कृत ग्रंथांपासून १९५३ च्या भारतीय वैद्यकीय जर्नलमधल्या लेखापर्यंत ३२ संदर्भ काढून दाखवले आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. आपल्या जेलमध्ये "थोडी हळद घालू, गुणकारी असते" हा मोह होतो तेव्हा हे आठवावं. भारतात तर कलम ३(पी) पारंपरिक ज्ञानावर सरळ फुली मारतं.

कुठले प्रयोग आधी हवेत

पेटंट परीक्षकाला हवे असलेले आकडे आणि जर्नलच्या समीक्षकाला हवे असलेले आकडे वेगळे असतात. जर्नलला तुमचा सर्वोत्तम नमुना पुरतो. पेटंटला कड्याच्या दोन्ही बाजू हव्यात.

क्लेममध्ये (नेमका कशावर हक्क मागतो ते सांगणाऱ्या वाक्यात) "कायटोसान १.५ ते २.५ टक्के" लिहायचं, तर १.५, २ आणि २.५ हे तिन्ही करून बघितलेले हवेत. शिवाय १ टक्का आणि ३ टक्के का चालत नाहीत तेही. १ टक्क्याला जेल धरत नाही, ३ टक्क्यांना जास्त रेणुभाराचं कायटोसान इतकं घट्ट होतं की बुडबुडे निघत नाहीत, असं जे दिसेल ते फसलेले नमुने म्हणून नोंदवा. फसलेला नमुना म्हणजे क्लेमचं कुंपण. लॅबमध्ये तो बेसिनमध्ये जातो, हे दुर्दैव.

मोजमापाची पद्धत क्लेममध्येच लिहा. "१० ते ३० नॅनोमीटरचे कण" हे अर्धवट आहे. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात) २० दिसणारा चांदीचा कण डीएलएसमध्ये (प्रकाशाच्या विखुरण्यावरून कण मोजण्याच्या पद्धतीत) सहज ५०-६० दिसू शकतो, कारण डीएलएस कणाभोवतीच्या पॉलिमरच्या थरासकट व्यास मोजतं आणि मोठ्या कणांना झुकतं माप देतं. पद्धत नसली की परीक्षक अस्पष्टतेचा आक्षेप घेतो आणि प्रतिस्पर्धी पळवाट काढतो. कायटोसानचं तसंच: डीअॅसिटिलेशनची (कायटिनमधले अॅसिटिल गट किती काढले त्याची) टक्केवारी आणि रेणुभार कुठल्या पद्धतीने काढला ते हवं. "बाजारातून आणलं, कमी रेणुभाराचं" एवढ्याने भागत नाही. दर बॅचला ते बदलतं.

या उदाहरणातला एक खास सापळा रंगाचा. जेनिपिनने क्रॉसलिंक झालेलं कायटोसान काही तासांत निळं पडतं आणि साधारण ६०० नॅनोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतं. पेशी किती जिवंत आहेत ते रंगावरून मोजणाऱ्या एमटीटी चाचणीचं वाचन ५७० ला घेतात. जेलमधून उतरलेला निळा रंग वजा केला नाही, तर पेशी आहेत त्याहून जास्त जिवंत दिसतात. आयएसओ १०९९३-५ प्रमाणे जिवंतपणा ७० टक्क्यांच्या खाली गेला की पदार्थ पेशीघातक धरतात. म्हणजे खरा आकडा ६२ आणि रंगामुळे दिसलेला ७८, असं झालं तर अर्जातला मुख्य दावाच खोटा ठरतो. पेशी नसलेला, फक्त जेलचा अर्क असलेला ब्लँक ठेवायलाच हवा.

जिवाणूंच्या चाचणीत आगरवरच्या वर्तुळाचे फोटो छान येतात, पण चांदी आगरमधून नीट पसरत नाही, त्यामुळे लहान वर्तुळ म्हणजे कमी ताकद असं म्हणता येत नाही. एमआयसी (जिवाणूंची वाढ थांबवणारी किमान मात्रा) आणि वसाहतींची लॉग घट (एक लॉग म्हणजे दहापट घट) द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नुसतं कायटोसान, नुसती चांदी आणि दोन्ही मिळून, हे त्याच मात्रांना करा. चेकरबोर्ड (दोन्हींच्या वेगवेगळ्या मात्रांच्या जोड्यांची चाचणी) करून एफआयसी निर्देशांक (दोघांचा एकत्रित परिणाम दाखवणारा आकडा) ०.५ किंवा त्याखाली आला, तर दोघे मिळून एकमेकांची ताकद वाढवतात असं म्हणता येतं. हा एक तक्ता पुढे अर्ज वाचवतो. का, ते खाली.

कलम ३

भारतीय पेटंट कायदा, १९७० मधलं कलम ३ हे बायोमेडिकलवाल्यांचं खरं परीक्षागृह आहे.

३(ई): घटकांचं नुसतं मिश्रण, ज्यात प्रत्येकाचे गुण फक्त एकत्र येतात, ते पेटंटयोग्य नाही. वरचा एफआयसीचा तक्ता याचंच उत्तर आहे.

३(डी): ज्ञात पदार्थाचं नवं रूप, क्षार, स्फटिक, कणाचा आकार, यांना तेव्हाच किंमत जेव्हा परिणामकारकता लक्षणीय वाढते. १ एप्रिल २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने नोवार्टिसच्या ग्लिव्हेक प्रकरणात औषधासाठी ही परिणामकारकता म्हणजे उपचारातली, असं स्पष्ट केलं. त्यामुळे "नॅनो केल्यावर विद्राव्यता पाचपट झाली" हे एकट्याने पुरत नाही, त्याचा उपचारावर काय परिणाम होतो ते दाखवावं लागतं.

३(आय): माणसावर किंवा जनावरावर उपचार करण्याची पद्धत. "जखमेवर जेल लावून ती भरून आणण्याची पद्धत" हा क्लेम अमेरिकेत चालेल, इथे काढून टाका. इथे पदार्थ आणि तो बनवण्याची कृती यांचे क्लेम ठेवा. नव्या मिश्रधातूंना किंवा सिरॅमिक्सना कलम ३ चा इतका जाच नसतो, तिथे खरी लढाई शोधक पायरीची, म्हणजे शोध जाणकाराला सहज सुचण्यासारखा नाही हे दाखवण्याची असते.

क्लेम लिहिताना फरक बघा. कच्चा: "कायटोसान व चांदीचे नॅनोकण असलेलं हायड्रोजेल." याला मारायला परीक्षकाला पाच मिनिटं लागतात. बरा: "८० ते ९० टक्के डीअॅसिटिलेशनचं कायटोसान १.५ ते २.५ टक्के वजन/आकारमान. कायटोसानच्या वजनाच्या ०.५ ते १ टक्का जेनिपिन. आणि टीईएमने मोजलेले १० ते ३० नॅनोमीटर सरासरी व्यासाचे चांदीचे कण, असलेलं हायड्रोजेल, ज्याचा एफआयसी निर्देशांक ०.५ किंवा त्याहून कमी आहे." प्रत्यक्ष अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीतच द्यावा लागतो, मराठीत घेतला जात नाही. आणि माहीत असलेली सर्वोत्तम कृती लिहिणं कायद्याने बंधनकारक आहे. तापमान किंवा ढवळण्याचा वेग मुद्दाम लपवून "गुपित" ठेवलंत, तर तेच पुढे पेटंट रद्द होण्याचं कारण होऊ शकतं.

नावं आणि सह्या

शोधक म्हणजे कल्पनेत बौद्धिक वाटा असलेली व्यक्ती. सांगितलेली मोजमापं करून देणारा शोधक होत नाही. विभागप्रमुखही केवळ विभागप्रमुख म्हणून होत नाही. पेपरातल्या लेखकांची यादी जशीच्या तशी उचलून फॉर्ममध्ये घालणं ही सर्रास चूक आहे.

अर्जदार विद्यापीठ असेल, तर शोधकांनी हक्क लेखी दिलेला हवा आणि त्याचा पुरावा अर्जापासून ६ महिन्यांत द्यायचा असतो. विद्यार्थी हा नोकर नसतो, त्यामुळे त्याची सही गृहीत धरता येत नाही. तो पोस्ट-डॉकला परदेशी जाण्याआधी ती घ्या. शब्दही जपून हवेत. "हक्क देण्यास मान्यता देत आहे" आणि "याद्वारे हक्क देत आहे" यांतल्या फरकामुळे गेलेला हक्क स्टॅनफर्ड विद्यापीठाला रॉश कंपनीविरुद्ध २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही परत मिळाला नाही. एचआयव्ही मोजण्याची पीसीआर पद्धत होती. संशोधकाने स्टॅनफर्डला दिलेला कागद भविष्यातल्या वचनाचा, त्यानेच दुसऱ्या कंपनीत सही केलेला कागद तत्क्षणी हक्क देणारा.

फॉर्म आणि पैसे

महाराष्ट्र-गोव्यातले अर्ज मुंबई कार्यालयाच्या कक्षेत येतात, भरणा ऑनलाइन. फॉर्म १ (अर्ज), २ (स्पेसिफिकेशन), ३ (परदेशी अर्जांची माहिती), ५ (शोधकांची घोषणा), एजंट असेल तर २६. शैक्षणिक संस्थेला २०२१ पासून फीमध्ये ८० टक्के सवलत आहे, त्यासाठी फॉर्म २८ पुराव्यासह जोडा. सध्याच्या तक्त्यानुसार अर्जाला १,६०० रुपये, १० पेक्षा जास्त प्रत्येक क्लेमला ३२० आणि ३० पेक्षा जास्त प्रत्येक पानाला १६०. परीक्षणाचा फॉर्म १८ चार हजारांचा. मोठी कंपनी सहअर्जदार झाली की सवलत गेली आणि तोच फॉर्म १८ वीस हजारांवर जातो.

फॉर्म १८ आता अग्रक्रम तारखेपासून (पहिल्या अर्जाच्या तारखेपासून) ३१ महिन्यांत हवा, पूर्वी ४८ होते. जुन्या चेकलिस्टवर चालणाऱ्या संस्था इथेच घसरतात, आणि चुकलं की अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. कायद्याने स्थापन झालेल्या सरकारी विद्यापीठांना फॉर्म १८ए ने जलद परीक्षणही मागता येतं.

फॉर्म ९ (लवकर प्रसिद्धी) मात्र विचार करून भरा. एरवी अर्ज १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो. मूल्यांकनात गुण मिळावेत म्हणून कॉलेजं तो महिन्याभरात प्रसिद्ध करून घेतात आणि "पेटंट मिळाले" म्हणून बातमी छापतात. प्रसिद्ध होणं म्हणजे मंजूर होणं नाही, आणि घाईने प्रसिद्ध केलेला अर्ज तुमच्याच पुढच्या सुधारणेविरुद्ध प्रायर आर्ट होऊन बसतो.

परदेशात जायचं तर भारतातल्या अर्जानंतर सहा आठवडे थांबा किंवा फॉर्म २५ ने परवानगी घ्या. पीसीटी (अनेक देशांसाठीचा एकच आंतरराष्ट्रीय) अर्ज पहिल्या तारखेपासून १२ महिन्यांत.

सालं कुठून आणली?

कोळंबीची सालं भारतातली असतील, तर जैविक संसाधनाचा मुद्दा येतो. फॉर्म १ मध्येच तशी घोषणा असते. २०२३ च्या दुरुस्तीनंतर भारतीय संस्थांनी पेटंट मंजूर होण्याआधी राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे नोंदणी करायची असते. परदेशी भागीदार असेल तर पूर्वपरवानगीचा वेगळा, लांबचा रस्ता. सालं कुठून, कधी घेतली याची पावती जपा. अर्ज मंजुरीला आला आणि हा कागद नाही, म्हणून फाइल अडून राहते.

शोधात नवा जिवाणू असेल, तर तो अर्जाआधी बुडापेस्ट करारातल्या मान्य संग्रहात ठेवावा लागतो. चंडीगडचं एमटीसीसी आहे, आणि पुण्यात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्राचा सूक्ष्मजीव संग्रह आहे. क्रमांक आणि तारीख स्पेसिफिकेशनमध्ये हवीच.

आक्षेप आल्यावर

पहिला परीक्षण अहवाल आला की उत्तराला ६ महिने, मागितल्यास आणखी ३. उत्तरात क्लेम अरुंद करता येतात, रुंद नाही. मूळ स्पेसिफिकेशनमध्ये नसलेला आकडा आता आत घालता येत नाही. नवे प्रयोग फार तर प्रतिज्ञापत्रावर, आधी लिहिलेल्या गोष्टीला आधार म्हणून चालतात. सुनावणी झाली तर लेखी निवेदन १५ दिवसांत.

मंजुरीनंतर नूतनीकरण, अर्जाच्या तारखेपासून मोजलेल्या तिसऱ्या वर्षापासूनचं: सवलतीच्या दराने पहिली चार वर्षं ८०० रुपये प्रत्येकी, मग चार वर्षं २,४००, पाच वर्षं ४,८०० आणि शेवटची पाच ८,०००. विसाव्या वर्षापर्यंत एकूण ७६,८०० रुपये. फॉर्म २७ मध्ये पेटंट वापरात आहे की नाही ते आता तीन आर्थिक वर्षांतून एकदा सांगायचं. प्रकल्पाचा निधी संपल्यावर ही फी कोणत्या खात्यातून भरायची, ते अर्ज करतानाच लेखा विभागाकडून लिहून घ्या. एकदा पेटंट लोपलं की पुन्हा जिवंत करायला १८ महिनेच असतात.